भाषणं सोसून जिंकलेली ढाल

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसू नका. जंगलात कॉलेज कुठून आलं असं ज्याला वाटतंय, त्याने आपल्याच तालुक्यात एक चक्कर मारून यावी. माळ दिसला की कॉलेज, टेकडी दिसली की कॉलेज. मग जंगलानेच कुणाचं घोडं मारलंय?

तर बाळांनो, त्या कॉलेजात वर्ग होते, वर्गात बाकं होती, आणि बाकांवर अधूनमधून कुणी बसतही असे. पण कॉलेजची खरी शान म्हणजे मागचं मैदान. सपाट, हिरवंगार. एका अंगाला उंबराचं झाड, दुसऱ्या अंगाला ओढा. त्या मैदानावर कॉलेजचा संघ फुटबॉल खेळायचा. म्हणजे हरायचा. दर वर्षी हरायचा, अगदी मन लावून.

संघात तुळजा नावाची एक पिसोरी होती. पिसोरी माहीत आहे ना? नाही? शाळेत शिकवतात तरी काय तुम्हाला! हरणांतलं सगळ्यात लहान हरीण. सशापेक्षा जरासं थोराड, अंगावर पांढरे ठिपके, पाय काटक्यांसारखे. जंगलात पिसोरी पळते ती जीव मुठीत धरून. मागे कुणी लागलेलं नसताना, निव्वळ हौसेने पळायला मिळावं, एवढ्यासाठी तुळजाने कॉलेजात नाव घातलं होतं. सकाळी दव असताना ती एकटीच चेंडू घेऊन मैदानभर पळायची. तिच्या वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. ते म्हणायचे, "कारण नसताना पळणारी पोर आपल्या सात पिढ्यांत झाली नाही."

संघाचा गोलकीपर होता भालबा अस्वल. चेंडू आला की तो त्याला घट्ट मिठी मारायचा. पण त्याआधी त्याला उठवावं लागायचं. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

एके दिवशी कॉलेजचे अध्यक्ष दंताजीराव मैदानावर आले. दंताजीराव म्हणजे हत्ती. ते आले की गवताला कळायचं, साहेब आले. त्यांनी सोंडेने मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत जोखलं आणि म्हणाले, "विद्यापीठाची ढाल या वर्षी आणा. नाही आणलीत तर इथे लग्नाचं लॉन करतो. लग्नं निदान हरत तरी नाहीत."

सगळे खाली बघू लागले. तुळजा पुढे झाली.

"आणि साहेब, ढाल आणली तर?"

"तर लॉन होणार नाही. दंताजीरावाचा शब्द आहे."

शब्द मिळाला. आता कोच पाहिजे होता. जुना कोच गेल्या हंगामात हाफ टाइमला पाणी प्यायला म्हणून गेला, तो अजून यायचा होता.

नव्या कोचसाठी मुलाखती ठेवल्या. साहेब सकाळी येणार होते, ते उन्हं कलल्यावर आले. तोवर बिबट्या कंटाळून निघून गेला होता. माकडाने मुलाखतीच्या टेबलावरची केळी संपवून, टेबलही उलटं करून ठेवलं होतं. एक बगळा तेवढा सकाळी जसा उभा होता तसाच उभा होता. एका पायावर. नाव ढवळे.

"फुटबॉल खेळलाय?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"पाहिलाय तरी?"

"एकदा. तळ्यात पडला होता."

"सकाळपासून उभे आहात?"

"हो साहेब. अजून उभा राहू शकतो."

साहेबांना असली माणसं फार आवडत. ढवळे सर त्याच दिवशी रुजू झाले.

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला खोटं वाटेल. त्या जंगलात एक रीत होती. कुठलंही काम सत्काराशिवाय सुरू व्हायचं नाही. विहीर खणायची तर आधी पाहुण्यांचा सत्कार. पूल बांधायचा तर सत्कार. एकदा वणवा लागला, तेव्हा विझवायला आलेल्यांचा आधी सत्कार झाला. म्हणून तर त्या बाजूला आज एवढं मोकळं रान आहे.

मॅचचंही तसंच. मैदानाच्या कडेला मांडव, मांडवात व्यासपीठ. समोर दोन्ही संघ उन्हात रांगेत उभे. मग पाहुणे उशिरा यायचे. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, दुसरं मनोगत, अध्यक्षीय समारोप आणि आभार. एवढं झालं की पंचांनी शिट्टी वाजवायची. सूत्रसंचालन साळुंकी करायची. तिला दोन भाषणांच्या मध्ये चारोळी म्हटल्याशिवाय चैन पडत नसे, आणि तिच्या चारोळीला सात-आठ ओळी असत.

हंगामातली पहिली मॅच बिबट्यांच्या कॉलेजशी होती. पाहुणे दुपारी आले. ऊन असं, की चेंडूसुद्धा मऊ झाला. स्वागताध्यक्षांचं मनोगत सुरू झालं तेव्हा बिबट्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. आपला संघ मात्र तोवर आडवाच झाला होता. शिट्टी वाजली, बिबटे कसेबसे धावले, आणि नऊ गोलांनी जिंकले. तुळजा एकटी शेवटपर्यंत पळत होती. पण एकटी पळून किती पुरी पडणार?

मॅच संपल्यावर सगळे उंबराखाली माना घालून बसले. आता सर फाडून खाणार, असं सगळ्यांना वाटलं. ढवळे सरांनी पाय बदलला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही कुठे हरलात, कळलं का?"

"गोलात," भालबा म्हणाला.

"नाही. तुम्ही स्वागताध्यक्षांच्या मनोगतात हरलात. शिट्टी वाजली तेव्हा बिबटे अर्धे मेले होते, तुम्ही पूर्ण. उद्यापासून तुम्ही अर्धेसुद्धा मरायचं नाही."

बाळांनो, खरं सांगतो, बगळ्याच्या डोक्यातून एवढा विचार निघेल असं मलाही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुळजा पहाटेच चेंडू घेऊन आली. मैदानावर गोलपोस्टच्या जागी व्यासपीठ मांडलेलं. त्यावर निवृत्त प्राचार्य कासव गुरुजी बसलेले. जंगलात त्यांना कुणी बोलवत नसे, कारण बोलावलं की ते बोलत. सरांनी त्यांना रोजच्या सरावाला यायची विनंती केली होती. म्हातारा आनंदाने रडायचा बाकी होता.

"विषय कोणता घेऊ?" गुरुजींनी विचारलं.

"आपल्या आवडीचा घ्या."

गुरुजींनी 'मी आणि माझी पाठ' हा विषय घेतला. तो हंगामभर पुरला.

सराव असा. रांगेत उभं राहायचं. वजन आधी डाव्या पायावर, मग उजव्या. डोळे उघडे ठेवायचे आणि आतून झोपायचं. टाळी ऐकली की जागं व्हायचं, आपणही टाळी वाजवायची, आणि पुन्हा झोपायचं. भालबाला हे एका दिवसात जमलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या, तेच करायला सर सांगत होते. त्याचे डोळे भरून आले. म्हणजे उघडे होते, त्यात धूळ गेली.

तुळजाला काही ते जमेना. उभ्या उभ्या तिचे खूर आपोआप हलायचे. डोळ्यांसमोर मैदान असलं की तिला झोप कशी यावी?

"सर, चेंडू कधी घ्यायचा?" तिने एकदा विचारलं.

"चेंडू कुठे जातोय? पडलाय तिकडे."

"पण आपल्याला गोल करायचेत ना?"

"समोरचे झोपले की गोल होतो, बाळ. तुझी तयारी कच्ची आहे. भालबाकडे बघ जरा."

भालबा उघड्या डोळ्यांनी घोरत होता.

पुढची मॅच गव्यांशी. गवे अंगाने धिप्पाड, एकेकाच्या खांद्यावर तुम्ही चौघे बसाल. ढवळे सरांनी साळुंकीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या दिवशी जंगलातल्या सगळ्या माजी खेळाडूंचा सत्कार निघाला. तिसऱ्या सत्काराला दोन गवे ओढ्यात जाऊन बसले. पाचव्याला आणखी पाच गेले. आभाराच्या टाळ्या झाल्या आणि आपला संघ ताजातवाना जागा झाला. तुळजाने चेंडू घेतला. समोर कुणीच नव्हतं. दोन गवे होते, तेही एकमेकांना टेकून. ती चालत गेली आणि गोल झाला. आपण जिंकलो!

सगळे नाचले. तुळजाही नाचली, कारण मैदान वाचायची आशा दिसली. पण घरी जाताना ती हळूच म्हणाली, "जिंकलो खरं. पळायला काही मिळालं नाही." भालबा म्हणाला, "तुझं आपलं काहीतरीच असतं."

तुम्ही म्हणाल, आपल्या मैदानावर ठीक आहे, दुसऱ्यांच्या मैदानावर काय? वा रे शहाण्या. सरांनी त्याचाही विचार केला होता. प्रत्येक मॅचआधी ते यजमान कॉलेजला निरोप धाडायचे, "आपल्या भागातल्या मान्यवरांचा यथोचित गौरव व्हावा, अशी आमच्या संघाची मनापासून इच्छा आहे." संपला विषय. सत्कार नको म्हणणारा प्राणी त्या जंगलात जन्मला नव्हता, आणि एकाचा केला की दुसरा रुसायचा. रानमांजरं हरली. सांबरं हरली. तरसांचा संघ तर प्रास्ताविकातच पळून गेला.

जिकडेतिकडे ढवळे सरांचं नाव झालं. लांबलांबचे कोच त्यांच्याकडे शिकायला आले आणि एका पायावर उभे राहून गेले. एकाने तर येऊन विचारलं, "सर, फुटबॉलमध्ये पायाचं महत्त्व किती?" सर म्हणाले, "एक पुरतो."

अशा रीतीने आपला संघ फायनलला गेला.

फायनल आपल्याच मैदानावर होती, समोर रानकुत्र्यांचं कॉलेज. गेल्या वर्षी ढाल त्यांनीच जिंकली होती. ही रानकुत्री भलती चिवट. एका सांबरामागे दिवसभर पळतील, पण दमणार नाहीत. शिवाय त्यांनीही आपला एक निवृत्त प्राचार्य शोधून काढला होता आणि महिनाभर त्याच्यासमोर उभं राहून सराव केला होता.

आणि स्पर्धेचा एक नियम होता. तो नीट ऐका. सूर्य मावळला की मॅच संपली. तोवर गोल झाला नसेल तर ढाल गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडेच राहणार. म्हणजे कुत्र्यांना नुसतं उभं राहिलं तरी चालणार होतं. आपल्याला मात्र गोल हवाच होता.

पाहुणे आले. दिवे लागले, नारळ फुटले. मनोगतं झाली. आपला संघ रांगेत झोपला. समोर कुत्री मात्र टक्क जागी. दुसरं मनोगत झालं, तिसरं झालं, साळुंकीच्या चारोळ्या संपल्या आणि ती दुसऱ्यांच्या म्हणू लागली. कुत्र्यांचा कान हलेना.

ढवळे सरांच्या चोचीला घाम फुटला. "अजून कोण उरलंय?" त्यांनी साळुंकीला विचारलं.

"कुणी नाही सर. काही पाहुण्यांचे दोनदा झाले."

"मांडववाल्याचा करा."

मांडववाल्या सुतारपक्ष्याचा सत्कार झाला. तो बिचारा भारावून गेला आणि त्याने पहिल्या खिळ्यापासून सुरुवात केली. कुत्री तशीच उभी. सूर्य मात्र उंबराच्या शेंड्यावर आला.

आता तुळजाला राहवेना. ती रांग सोडून सरांकडे धावली. "सर, थांबवा हे! ती झोपत नाहीत! उजेड गेला तर मैदान जाईल आपलं!"

सरांनी सूर्याकडे पाहिलं. मग व्यासपीठाकडे. तिथे दंताजीराव अध्यक्षीय समारोपाला उभे राहिले होते. पाण्याचा तांब्या त्यांनी जवळ ओढून घेतला होता.

"अध्यक्षांना कोण थांबवणार, बाळ?" ढवळे सर पुटपुटले. आणि त्यांनी एक पाय वर घेतला आणि डोळे मिटले.

दंताजीराव बोलले. आपलं बालपण, आपल्या आजोबांचं बालपण, जंगलाचं भवितव्य, सगळं सविस्तर. सूर्य उंबरामागे गेला. फांद्यांतून लाल उजेड तेवढा येत होता. शेवटी एकदाचं "जय जंगल" झालं आणि पंच घोरपडीने घाईघाईने शिट्टी वाजवली.

पण टाळ्याच वाजल्या नाहीत! कशा वाजणार? ऐकणारे सगळे केव्हाच झोपले होते. आणि टाळी नाही म्हणजे आपला संघही जागा होणार नाही. तसाच तर सराव झाला होता. दहा जण मैदानावर उभे, डोळे उघडे, आतून गाढ.

"भालबा! अरे ऊठ!" तुळजा ओरडली. तिने दोन खूर एकमेकांवर आपटले. त्या इवल्याशा खुरांचा आवाज तो काय! समोर अकरा कुत्री हसत उभी होती.

रडू आलं तिला. रडत रडतच तिने चेंडू घेतला आणि पळत सुटली.

आता बघा हं, काय झालं. कुत्र्यांनी जागेवरून हलायचं नाही असं ठरलं होतं. महिनाभर त्यांना तेच शिकवलं होतं. पण डोळ्यांसमोरून हरीण पळालं! एक कुत्रं सुटलं. मग दुसरं. मग सगळीच सुटली. चेंडूबिंडू कोण बघतो? त्यांचा गोलकीपरसुद्धा गोल सोडून जीभ बाहेर काढून पळत आला.

तुळजा उलटी वळली. आपल्या संघातल्या झोपलेल्या रानडुकराला वळसा घालून गेली, दोन कुत्री त्याच्यावर आपटली. भालबाच्या पायांमधून गेली, तीन कुत्री तिथे अडकली. चेंडू तिच्या खुरांपासून टीचभरही लांब गेला नाही. ओढ्याच्या कडेने ती मैदानाच्या त्या टोकाला पोचली. समोर गोल रिकामा होता. तिने चेंडू आत ढकलला आणि उजेड गेला.

गोल! पंचांनी शिट्टी फुंकली. त्या शिट्टीने जे जागे झाले त्यांनी सवयीने टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांनी आपला संघ जागा झाला. "काय झालं?" भालबाने विचारलं. तुळजा मैदानावर पडून हसत होती आणि रडत होती. "वाचलं रे," ती म्हणाली. "आपलं मैदान वाचलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर विजयाचा सत्कार ठेवला. तो राहील कसा?

ढाल टेबलावर मांडली होती. भालबाला सर्वोत्कृष्ट खेळाडूचं पदक मिळालं. संपूर्ण हंगामात तो जागचा हलला नाही, असं साळुंकीने सांगितलं. ढवळे सरांना शाल, कासव गुरुजींना शाल, मांडववाल्याला पुन्हा शाल. मग दंताजीराव उठले.

"ही ढाल कुणी जिंकली?" त्यांनी विचारलं. "पायांनी? पाय सगळ्यांनाच असतात. ही ढाल जिंकली या व्यासपीठाने!"

टाळ्या.

"मी शब्द दिला होता. ढाल आली तर इथे लॉन होणार नाही. दंताजीराव दिलेला शब्द पाळतो. इथे लॉन होणार नाही!"

कडकडून टाळ्या. तुळजाने तर चारही पाय उडवले.

"कारण इथे भव्य क्रीडा सत्कार भवन होणार आहे. बरोबर मधोमध. ज्या व्यासपीठाने आपल्याला जिंकवलं, ते आता उन्हातान्हात राहणार नाही. कायमचं छप्पर, कायमच्या खुर्च्या!"

तुळजाचे पाय हवेतून खाली आले.

"आणि खेळायचं कुठे, साहेब?" ती ओरडली. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. साळुंकीने तिचं नाव पुकारलं. "आता आपली गुणी खेळाडू तुळजा. वेळेअभावी तिने फक्त दोन शब्द बोलायचेत."

तिच्या अंगावर शाल टाकली. शाल हत्तीच्या मापाने आणलेली. तिच्यात ती पार बुडाली. आतून आवाज आला, "आम्हाला काही नको हो. फक्त हे मैदान ठेवा. आम्हाला पळायचंय."

"मैदानाविषयीचं प्रेम किती छान व्यक्त केलं तिने!" साळुंकी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भालबाने तर सगळ्यात जोरात, आणि परत झोपला.

तुळजा शाल ओढत ढवळे सरांकडे गेली. "सर, तुम्ही तरी बोला. तुमचं ऐकतील साहेब."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं हो, एवढे काही ते मठ्ठ नव्हते. पण त्यांच्या खिशात त्या भवनाचे संचालक म्हणून नेमणूक होती. त्यांनी आकाशाकडे पाहिलं आणि पाय बदलला.

मग पाहुण्यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. पहिली कुदळ मैदानाच्या अगदी मधोमध पडली. तुळजा तिथेच उभी होती. हिरव्या गवताखालची लाल माती वर आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. मग ती वळली आणि रानात निघून गेली. कॉलेजात ती परत आली नाही. तिच्या वडिलांनी सगळ्यांना सांगितलं, "सुधारली पोर आमची. आता कारण असल्याशिवाय पळत नाही."

कॉलेजचा संघ अजून आहे. भवनात बसतो. एकही मॅच हरलेला नाही, कारण एकही खेळलेला नाही. दर वर्षी त्याचा सत्कार होतो.

काय गं, डोळे कशाला पुसतेस? ऐक, तात्पर्य राहिलंय.

तात्पर्य : भाषण चालू असताना मुकाट्याने झोपावं. जागं राहणाऱ्यावर गोल करायची पाळी येते, आणि त्याने गोल केला की बाकीच्यांचं काम सोपं होतं. ते मग सावकाश उठतात आणि त्याच्या पायाखालचं मैदान काढून घेऊन त्याला शाल देतात.